गड यादीत आला, घेरा बाहेर राहिला

राजगडाच्या चोर दरवाजाच्या वाटेवर, शेवटच्या कातळटप्प्याच्या थोडं अलीकडे, एक मावशी दगडाला टेकून दम खात बसल्या होत्या. डोक्यावरची पाटी शेजारी उतरवलेली. पाटीत ताकाचं मडकं, त्याला गुंडाळलेलं ओलं फडकं, सात-आठ लिंबं, मिठाची पुडी आणि स्टीलचे दोन पेले. सकाळी अंधार असतानाच त्या गुंजवण्यातून निघाल्या होत्या. मी पेला रिकामा करून खाली ठेवला, तेव्हा त्यांनी विचारलं, "दादा, गड आता जगाच्या यादीत गेला म्हणत्यात. मग आम्हाला वर बसू देतील ना?"

मला उत्तर देता आलं नाही. त्यांचा प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही. आपल्या गडांबद्दल आपण जे काही बोलतो, त्यात सगळ्यात महत्त्वाचं जे सुटतं, ते नेमकं या प्रश्नात आहे.

जुलै २०२५मध्ये पॅरिसच्या बैठकीत युनेस्कोनं बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी. आनंद झाला, पेढे वाटले गेले, आणि ते योग्यच होतं. पण ज्या नावाखाली ही नोंद झाली, ते नाव आपण नीट वाचलं नाही. नोंद 'मराठा लष्करी भूदृश्यं' म्हणून आहे. किल्ला आणि त्याच्या भोवतीचा मुलूख एकत्र धरून हा वारसा ठरतो, हे त्या नावातच मान्य केलेलं आहे. प्रतापगडाची तर वर्गवारीच डोंगर आणि जंगल या दोन्हींचा किल्ला अशी आहे. जगानं जंगलासकट गड मान्य केला. आपण मात्र अजून तटबंदीच्या आतच अडकलो आहोत.

माझं म्हणणं सरळ आहे. घेरा वाचला नाही, तर गड वाचणार नाही. आणि घेरा, म्हणजे गडाभोवतीचा हा मुलूख, नुसतं रान नव्हे. तिथली माणसं, त्यांची गुरं, त्यांचं पाणी, त्यांच्या वाटा, आणि त्याच उतारावर राहणारी जनावरं. हे सगळं एका आराखड्यात आलं पाहिजे आणि त्यावर पहिला हक्क घेऱ्यातल्या ग्रामसभेचा असला पाहिजे.

'घेरा' हा शब्द मी हौसेनं काढलेला नाही. महसुली दप्तरात तो आजही जिवंत आहे. घेरा सिंहगड, घेरा पुरंदर, घेरा केंजळ ही गावांची नावं आहेत. गडाच्या पायथ्याचा आणि उताराचा जो पट्टा गडाच्या राखणीसाठी गडाला जोडलेला असायचा, तो घेरा. त्या पट्ट्यात मोक्याच्या जागी चौक्या असत, त्यांना मेटं म्हणत आणि तिथं राहणाऱ्यांना मेटकरी. गडावर हवालदार, सबनीस, कारखानीस. गडाखाली कोळी, रामोशी, बेरड, महार अशा अनेक जातींची राखणदार माणसं. हवालदार, सबनीस, कारखानीस, गडकरी, मेटकरी ही आडनावं आपल्यात आजही आहेत. कामं गेली, नावं उरली.

रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र १७१५-१६च्या सुमाराचं. 'संपूर्ण राज्याचे सार ते दुर्ग' हे त्यातलं वाक्य आपण कमानींवर कोरतो, भाषणात म्हणतो. पण त्याच प्रकरणात पुढं जे आहे, ते क्वचितच कुणी वाचून दाखवतं. गडाभोवतीची झाडी हीच गडाची राखण आहे, ती प्रयत्नानं वाढवावी, त्यातली काडीही तोडू देऊ नये, असं तिथं बजावलेलं आहे. गडाला येणारे मार्ग सोपे नसावेत. सोपा मार्ग असेल तर तो मोडून त्यावर झाडी वाढवावी, असंही. पाण्याबद्दल तर इतकी बारीक नजर आहे की झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नका, तोफांच्या दणक्यानं झरे आटतात, म्हणून साठवणीची टाकी खोदून ठेवा, असं सांगितलंय. आणि केरकचऱ्याबद्दल? झाडलेला केर गडाखाली ढकलू नये. जागोजागी जाळून त्याची राख परसात टाकावी आणि त्यावर घरोघर भाजीपाला करावा.

हे सगळं लढाईच्या गरजेतून आलेलं आहे, हे मला मान्य आहे. त्या काळच्या माणसांना आजच्या अर्थानं पर्यावरणवादी म्हणणं म्हणजे आपलं त्यांच्यावर लादणं होईल. पण झाडी, पाणी, वाट आणि केर या चार गोष्टी गडाचा भाग आहेत, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. कोणत्याही गर्दीच्या गडावर रविवारी संध्याकाळी कड्याच्या कडेला जाऊन खाली वाकून बघा. पाण्याच्या बाटल्या, कुरकुऱ्यांची पाकिटं, थर्माकोलच्या पत्रावळ्या सगळ्या उतारावर, कारवीत अडकलेल्या. केर गडाखाली टाकू नये म्हणून तीनशे वर्षांपूर्वी ताकीद दिली होती, आणि आपण नेमकं तेच करतो.

गड आणि घेरा तुटले कधी? १८१८मध्ये इंग्रजांनी गड घेतले, अनेक ठिकाणी पायऱ्या सुरुंगानं उडवल्या, दरवाजे पाडले. पण दगड पाडणं हा त्या मोडतोडीचा अर्धाच भाग होता. उरलेला अर्धा म्हणजे गडाच्या चाकरीवर ज्यांची जमीन आणि पोट अवलंबून होतं, त्यांचे हक्क संपवणं. १८४४मध्ये कोल्हापूर भागात गडकऱ्यांचं बंड झालं, ते या रागातून. सामानगड, भुदरगड, पन्हाळा इथली गडकरी मंडळी उठली. बंड मोडल्यावर पन्हाळ्याचा चार दरवाजा इंग्रजांनी पाडला. पुढं डोंगरउतार वनखात्याकडे गेले, माथा पुरातत्त्वाकडे गेला, गाव महसूल आणि ग्रामपंचायतीकडे राहिलं, रस्ता बांधकाम खात्याकडे. स्वातंत्र्यानंतरही ही वाटणी तशीच आहे. आजच्या बारा किल्ल्यांतलेही आठ केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आणि चार राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे आहेत.

डोंगर एक आणि फाइली चार. एवढंच नाही, जागतिक वारशाचेही दोन कागद आहेत. २०१२मध्ये पश्चिम घाटातल्या ३९ जागा नैसर्गिक वारसा म्हणून नोंदल्या गेल्या. त्यात महाराष्ट्राच्या चार: कास पठार, कोयना अभयारण्य, चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि राधानगरी. तेरा वर्षांनी त्याच सह्याद्रीतले गड सांस्कृतिक वारसा म्हणून आले. वासोटा कोयना अभयारण्यात आहे, प्रचितगड चांदोलीत आहे. दोन्ही जंगलाच्या नोंदीत येतात, किल्ल्यांच्या यादीत नाहीत. यादीत बारालाच जागा होती, ती तक्रार नाही. पण गडाची माणसं एका दालनात आणि वाघाची माणसं दुसऱ्या दालनात बसतात, दोघांच्या नकाशात वाडी नुसता एक ठिपका असते, याची मला तक्रार आहे.

आता गडावरच्या जनावरांकडे आणि झाडांकडे या. आपल्या दुर्गप्रेमात त्यांना फार कमी जागा आहे, म्हणून इथं मी जरा रेंगाळणार आहे.

गडाच्या कड्याला लटकलेलं आग्या मोहोळ सगळ्यांनी पाहिलेलं असतं. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गडावर मधमाश्या उठल्याची, माणसं जखमी झाल्याची बातमी येते. बहुतेक वेळा कारण ठरलेलं असतं: धूर, फटाके, उग्र अत्तर, नाहीतर कुणी मारलेला दगड. बातमीचा मथळा मात्र 'मधमाश्यांचा हल्ला' असा असतो. त्या कड्यावर मोहोळ पिढ्यान्‌पिढ्या लागत आलंय. आपण त्यांच्या घराखाली मशाली घेऊन जातो.

त्याच कड्यांवर लांब चोचीची गिधाडं घरटी करतात. वर्षाला एकच अंडं. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक औषधानं ही जात देशभरात ९५ टक्क्यांहून जास्त घटली. २००६मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. आता उरलेल्या थोड्या जोड्यांचा विणीचा काळ हिवाळ्यात असतो, आणि आपला दोर लावून कडे उतरण्याचा हंगामही हिवाळ्यातच. कोणत्या कड्यावर घरटं आहे हे पायथ्याच्या गुराख्याला माहीत असतं. त्याला विचारायची पद्धत आपल्यात नाही.

माथ्यावरचा सडा बघा. कातळावर बोटभर माती, पावसात पाणी साठतं, उन्हाळ्यात सगळं करपून जातं. नवख्याला ते उजाड वाटतं. त्या बोटभर मातीत सीतेची आसवं फुलतात, दवबिंदू नावाची वनस्पती किडे पकडते. नाशिकजवळच्या अंजनेरीवर कंदीलपुष्पाची एक जात सापडली, तिला गडाचंच नाव मिळालं. कंदीलपुष्पाचं फूल एकदा गुडघे टेकून जवळून बघावं. छोट्या कंदिलासारखी नळी, आत खालच्या दिशेला वळलेले केस. माशी वासानं आत शिरते, केस तिला परत वर येऊ देत नाहीत. ती आत धडपडते, परागकण अंगाला चिकटतात. मग केस कोमेजतात आणि माशी सुटते, दुसऱ्या फुलाकडे जायला. एवढं सगळं करंगळीएवढ्या फुलात.

अशा सड्यावर आपण खड्डे खणून वृक्षारोपण करतो. मनापासून करतो, घाम गाळून करतो, हे मी पाहिलंय. मी स्वतः केलंय. विशीत आम्ही एका गडाच्या माथ्यावर कडुनिंबाची आणि वडाची रोपं लावली होती. त्यासाठी सड्याची माती उकरली, आसपासचं 'गवत' साफ केलं. रोपं पहिल्याच उन्हाळ्यात गेली. गवत म्हणून आम्ही काय उपटलं, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. टाक्यातला गाळ काढणाऱ्या, ढासळलेल्या पायऱ्या मोकळ्या करणाऱ्या पोरांबद्दल माझ्या मनात फार आदर आहे. सुट्टीच्या दिवशी पदरमोड करून ही पोरं जे करतात, ते खात्यांना वर्षानुवर्षं जमलेलं नाही. म्हणूनच त्यांना सांगायचंय की माथ्यावर हात घालण्याआधी वनस्पती ओळखणारा एक माणूस आणि पायथ्याचं एक जाणतं माणूस सोबत घ्या.

कास पठारानं हा धडा दिलाच आहे. गर्दीपासून फुलं वाचावीत म्हणून तिथं कुंपण घातलं. हेतू चांगला होता. पण गुरं आत यायची थांबली, गवत माजलं आणि फुलं कमी होऊ लागली, अशी ओरड झाली. शेवटी कुंपण काढावं लागलं. गावची गुरं चरून जायची, म्हणून फुलांना जागा मिळायची. त्या पठाराच्या घडणीत गुराख्याचा वाटा होता, आणि कुंपण घालताना तो कुणाच्याच लक्षात आला नाही.

इथं एक आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. वासोट्याच्या पायथ्याला मेट इंदवली नावाचं गाव होतं. नावातच मेट. कोयनेच्या धरणानं आणि नंतर अभयारण्यानं ते गाव उठलं. आज बामणोलीहून शिवसागराच्या पाण्यातून लाँचनं जावं लागतं, वनखात्याची परवानगी काढून, आणि तिथं उतरल्यावर घरांच्या जोत्यांवर जंगल उभं दिसतं. अस्वल, गवा, बिबट्या आहेत; कोयना आणि चांदोली मिळून २०१०मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. मग कुणी म्हणेल, माणसं गेली म्हणूनच जंगल परतलं ना? घेरा रिकामा झाला, तर जनावरांचं भलंच होईल.

वासोट्यापुरतं हे खरं आहे. वाघाला माणसाविना मोठा सलग मुलूख लागतो आणि तसा मुलूख महाराष्ट्राच्या सह्याद्रीत एखाददुसराच उरलाय. तो तसाच राहू द्यावा. पण त्याची किंमत कुणी दिली, हे विसरू नये. धरणग्रस्तांची तिसरी पिढी अजून कागद घेऊन फिरते आहे. आणि वासोटा सगळीकडे होणार नाही. राजगड, तोरणा, लोहगड, शिवनेरी यांच्या पायथ्याची माणसं निघून गेली, तर तिथं वाघ येणार नाही, प्लॉटिंग येईल. डोंगरउतारावर दगडी कंपाउंडं, 'फोर्ट व्ह्यू' पाट्या, रात्रभर दिवे आणि स्पीकर. वाडी गेली की तिची जागा जंगल घेत नाही, जमिनीचा दलाल घेतो. मुळशी-मावळात गेल्या तीस वर्षांत जो गेलाय, त्याला हे वेगळं सांगायला नको.

आणि जी माणसं राहतात, त्यांची आपण काय काळजी घेतो? १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळगडाच्या उतारावरची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. ठाकर आदिवासींची वाडी. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं बेपत्ता राहिली आणि चार दिवसांनी शोध थांबला. तिथं जायला रस्ता नव्हता. बचावाला निघालेली माणसं पावसात, चिखलात चालत चढली. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असं नंतर सरकारनंच सांगितलं. इर्शाळगड ट्रेकर मंडळींचा आवडता. त्या वाडीतून शेकडो जण वर गेलेले, तिथं पाणी प्यायलेले. गडाचा नकाशा सगळ्यांकडे होता. वाडीवरच्या डोंगराचा नकाशा कुणाकडेच नव्हता. माळीण २०१४मध्ये गेलं, तळीये २०२१मध्ये, तरीही. पश्चिम घाटातलं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरवणाऱ्या अधिसूचनेचा मसुदा ३१ जुलै २०२४ला सहाव्यांदा निघाला, वायनाडची दरड कोसळल्याच्या दुसऱ्या दिवशी. एक मसुदा सहा वेळा निघतो, याचा अर्थ तो पाच वेळा मुरला.

त्यामुळे गडासाठी पैसा येतो म्हटलं की मी पहिल्यांदा विचारतो, तो कशावर? बहुतेक वेळा उत्तर येतं: रस्ता, वाहनतळ, रोपवे, प्रकाशयोजना. रोपवेच्या बाजूनं जे बोललं जातं, ते खोटं नाही. रायगडावर १९९६पासून रोपवे आहे आणि ज्यांचे पाय चालत नाहीत अशा कितीतरी म्हाताऱ्या माणसांनी त्यामुळे महाराजांच्या समाधीवर डोकं ठेवलं. तो असू द्या. पण म्हणून प्रत्येक गडाला दोरी बांधायची का? राजगडाला गडांचा राजा म्हणतात, ते त्याच्या तीन माच्या आणि बालेकिल्ला पायाखाली घालताना कळतं. आणि पाळणा वर गेला की वाटेवरच्या मावशींच्या पाटीतलं ताक कोण घेणार? तिकिटाचा पैसा ठेकेदाराकडे जाईल, वाट ओस पडेल, आणि वाटेवर माणूस राहिला नाही की वणवा लागल्याचं सांगणाराही राहणार नाही. रस्त्याचंही तसंच. शेकरू झाडावरून झाडावर जातं, जमिनीवर उतरायचं टाळतं. भीमाशंकरच्या रानात रस्ता रुंद केला की फांद्यांचा मांडव तुटतो, आणि आपण ज्याला राज्यप्राणी म्हणतो त्याचं रान दोन तुकड्यांत कापलं जातं.

सगळ्यात अवघड प्रश्न पन्हाळ्याचा. ते नांदतं गाव आहे: किल्ल्याच्या आत नगरपरिषद, शाळा, बाजार, पिढ्यान्‌पिढ्यांची घरं. यादीत नाव येण्याच्या आधीपासून तिथले रहिवासी जाहीरपणे विचारत होते, आमच्या घरांचं काय? उद्या घराचं कौल बदलायला कुणाची परवानगी लागेल? त्यांना वारशाचे शत्रू ठरवणं सोपं आहे. पण पन्हाळा आजवर नांदता राहिला, तो या माणसांमुळे. अंबरखान्याच्या, म्हणजे जुन्या धान्यकोठारांच्या, भिंती उभ्या आहेत, त्यांच्या आजूबाजूला दिवे लागतात, चुली पेटतात, म्हणून तो किल्ला इतर गडांसारखा ओसाड झाला नाही. त्यांना बांधकामाचे नियम हवेत आणि ते कडकही असावेत, पण ते त्यांच्यासोबत बसून, त्यांना कळेल अशा मराठीत, घराघरांचा विचार करून ठरायला हवेत.

कायदा अगदीच रिकामा नाही. २००६च्या वनहक्क कायद्यानं ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मागता येतो आणि मिळाल्यावर त्या रानाचं व्यवस्थापनही करता येतं. विदर्भात मेंढा-लेखा या गावानं ते करून दाखवलं. सह्याद्रीत महादेव कोळी, ठाकर, कातकरी यांच्या वाड्या गडांच्या उतारावरच आहेत. हा हक्क घेऱ्याला मिळाला, तर प्रवेशशुल्क कुणी गोळा करायचं, एका दिवसात किती माणसं वर सोडायची, कोणत्या महिन्यात कोणता कडा बंद ठेवायचा, काजव्यांच्या दिवसांत गाड्या कुठं थांबवायच्या, हे तिथं ठरू शकेल. पुरातत्त्वानं दगड सांभाळावा, वनखात्यानं शिकार आणि वणवा रोखावा, पण आराखडा एक असावा आणि पैशाचा पहिला हिस्सा वाडीच्या पाण्यासाठी, उताराच्या पाहणीसाठी आणि कचरा खाली आणणाऱ्या हातांसाठी निघावा.

बारा किल्ल्यांचे आराखडे ठरवण्याच्या बैठका होतील, होतच आहेत. राजगडाची बैठक गुंजवण्याच्या शाळेत घ्यावी, मृगाच्या आधी, कारण पाऊस लागला की सगळे भाताच्या खाचरात असतात. शनिवार-रविवार सोडून घ्यावी. त्या दिवशी मावशी गडावर असतात.